तिला एवढं पुरतं

ऑफिसात तिला सगळे स्वल्पविरामबाई म्हणायचे. एका खुनाच्या चित्रपटावर काम करताना तिने दिग्दर्शकाला फोनवर पाऊण तास धरून ठेवलं होतं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. "साहेब, तुमचा खुनी ‘नाही, गेलो’ म्हणतोय. स्वल्पविराम काढलात तर ते ‘नाही गेलो’ होतं आणि गडी निर्दोष सुटतो," असं ती पुन्हापुन्हा सांगत राहिली. शेवटी दिग्दर्शकाने हात टेकले.

तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतींना जाड कापड, दहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पडदा आणि हेडफोन. घरबसल्या चित्रपट आणि मालिका दाखवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची सबटायटल्स तिथे तयार होत. पात्रं बोलतात ते लिहायचंच, पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही लिहायचे: दार करकरलं, जिन्यावर पावलं वाजली, शेजारच्या खोलीत कोणीतरी हुंदका दाबला. हुंदका दाबला की नुसता श्वास घेतला, यावर ती एकच तुकडा आठ-आठ वेळा ऐकायची. त्या विभागाची ती अकरा वर्षं प्रमुख होती.

तिचा कान इतका तिखट कशाने झाला, हे थोड्यांनाच ठाऊक होतं. तिच्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण, ताई, तीन वर्षांची असताना तापात ऐकायची थांबली. ही धाकटी बोलायला लागली आणि घराने तिला परस्पर कामाला लावलं. शाळेतल्या बाई काय म्हणाल्या, दुकानदार काय म्हणाला, पाहुणे कशाला हसले, सगळं ताईला हिने सांगायचं. दोघींनी मिळून खुणा बनवल्या. नाकावरचा चष्मा वर सारला की बाबा. दोन बोटं खांद्यावरून मागे टाकली की ‘नंतर’.

घरात सगळ्यात जास्त वापरली गेलेली खूण तीच. टीव्हीवर मालिका लागायची, दोन बायका तावातावाने बोलायच्या, ताई कोपराने ढोसायची. काय म्हणाली? भांडतायत. कशावरून? नंतर सांगते. ते नंतर काही यायचं नाही, कारण तोवर पुढचं भांडण सुरू झालेलं असायचं. एकदा तर कंटाळून धाकटीने मेलेल्या नायिकेला मामाकडे पाठवून दिलं होतं. ताई महिनाभर ती परत येण्याची वाट बघत होती.

मोठेपणी ताई दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका कारखान्यात लागली. हात इतका सफाईदार, की अवघड कवळ्या तिच्याकडेच यायच्या. "अर्ध्या शहराचं हसू माझ्या टेबलावरून जातं," असं ती हातांनी सांगायची आणि स्वतःच खूश व्हायची. ती एकटी राहायची, रविवारी धाकटीकडे जेवायला यायची. न ऐकणाऱ्या प्रेक्षकांची एक संघटना होती, तिची ती सभासद होती.

मग कंपनीने ठरवलं की जुन्या चित्रपटांची सबटायटल्स यंत्राकडून करून घ्यायची. माणसांनी ती तपासायची नाहीत आणि आवाजांच्या ओळी गाळायच्या. पहिल्याच महिन्यात एका गंभीर प्रसंगात "आजोबा वारले"चं "आजोबा वाळले" झालं. ऑफिसात हशा पिकला. संघटनेने सरकारी आयोगाकडे तक्रार केली आणि आयोगाने जाहीर सुनावणी ठेवली.

साहेबांनी स्वल्पविरामबाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, आपली बाजू तुम्ही मांडायची."

"मी? मला तर ते यंत्राचं काम पटत नाही, साहेब."

"कोणाला पटतंय? पण माणसं बसवून करायचं तर जुने चित्रपट यायलाच सात-आठ वर्षं लागतील. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं की नाही? आणि हे अंगावर आलं तर आधी तुमचा विभाग बंद होईल. दहा माणसं आहेत तुमची." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "शिवाय तुमच्या घरातलंच उदाहरण आहे. सख्ख्या बहिणीचं. तुम्ही बोललात की समोरचा गप्प बसेल."

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण दहा माणसांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि ती हो म्हणून बसली. भाषण लिहिताना ताईबद्दलचं वाक्य तिने तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं. रविवारी ताई जेवायला आली तेव्हा विचारायचं असं तिने ठरवलं होतं. ताईने एका वाकड्या जबड्याच्या म्हाताऱ्याची नक्कल केली, दोघी पोट धरून हसल्या, ताटं उचलली गेली. धाकटीने विचारलं नाही. विसरली नव्हती. उत्तर माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

सुनावणीच्या सभागृहात टेबलामागे आयोगाचे तिघे सदस्य होते. बाजूला स्टुलावर हातांच्या खुणा करणारी दुभाषी, आणि मागे मोठ्या पडद्यावर बोललेलं टाइप होऊन उमटत होतं. ती उभी राहिली, चार पानं नीट वाचली. शेवटी ते वाक्य आलं.

"माझी सख्खी थोरली बहीण लहानपणापासून ऐकू शकत नाही. गोष्ट समजण्यापुरत्या ओळी असल्या, की तिला एवढं पुरतं."

मागच्या पडद्यावर ते मोठ्या अक्षरांत उमटलं. तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. ताई. कामाच्या दिवशी रजा टाकून ती येईल, असं धाकटीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ताई पुढे येऊन हातांनी बोलू लागली आणि दुभाषी तिचे शब्द मोठ्याने सांगू लागली.

"ती बहीण मीच."

"बोलली ती माझी धाकटी. हुशार आहे, माझ्यावर जीव टाकते. पण मला किती पुरतं, हे तिने आजवर मला विचारलेलं नाही. गोष्ट मला चित्रातूनही कळते. भांडले, रडली, मेला. पण विनोद झाला की सगळे हसतात आणि मी त्यांची तोंडं बघून हसते. तुम्ही ज्याला हसता ते मलाही पूर्ण वाचू द्या. मग विनोद फालतू निघाला तर मला न हसायची सोय तरी होईल."

आयोगाच्या अध्यक्षबाई हसल्या, लोक हसले. ताई हसली नाही. ती जागेवरून पर्स घेऊन सरळ बाहेर पडली.

धाकटी कागद तसेच टाकून मागे धावली आणि तिला जिन्यात गाठलं. "चुकलं माझं, ताई," तिने हातांनी सांगितलं. "साहेबांनी गळ घातली. माणसांची कामं जाणार होती. मी तुला विचारायला हवं होतं."

"त्या वाक्याचा मला एवढा राग नाही," ताईचे हात सावकाश हलले. "तू नेहमीच असं करतेस." मग तिने बोटाने नाकावरचा चष्मा वर सारल्यासारखं केलं. बाबा.

धाकटीला लगेच कळलं. नऊ वर्षांपूर्वी, बाबांच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार. तोंडावर प्राणवायूचा मास्क, त्यामुळे ताईला ओठ वाचता येत नव्हते. बाबांनी ताईचा हात धरला आणि तिच्या डोळ्यांत बघत ते बोलत राहिले. धाकटी पलंगापाशी उभी होती, ते सगळं ताईपर्यंत पोचवायला. पण तिचे हात उचलेचनात. रात्रंदिवसाच्या जागरणांनी ती मोडून गेली होती, बाबांचं बोलणं ऐकून रडू आवरत नव्हतं. बाबा थांबले, ताईने तिच्याकडे पाहिलं, आणि तिने एवढंच सांगितलं: काळजी घे म्हणतात.

"समोर घड्याळ होतं," ताई जिन्यात म्हणत होती. "वीस मिनिटं बोलत होते. काळजी घे म्हणायला वीस मिनिटं लागत नाहीत. तू नंतर सांगशील म्हणून मी नऊ वर्षं थांबले. काय म्हणाले होते?"

धाकटीचे हात वर आले आणि हवेतच राहिले. दाबलेला हुंदका आठदा ऐकणारी ती बाई, पण बापाचं बोलणं तिने एकदाच ऐकलं होतं आणि तेही सांडून टाकलं होतं.

"आठवत नाही," तिने सांगितलं.

ताईने मान हलवली. पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि एकेक पायरी उतरत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने आयोगाला पत्र लिहिलं. बहिणीविषयीचं वाक्य तिला न विचारता बोलले, ते खरं नाही, मी ते मागे घेते. प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"बाई, हे काय करून बसलात?"

"चूक होती, दुरुस्त केली. कामच आहे माझं ते."

बोलायला हे झकास होतं, पण खाली मान घालून जागेवर परतताना तिला काही शूरबिर वाटलं नाही. पत्राने सभागृहातलं वाक्य पुसलं जाणार होतं, वीस मिनिटं नाही. आठवड्याभरात प्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं आणि तिचं टेबल खिडकीजवळून आतल्या भिंतीला आलं. तिने तक्रार केली नाही. शिक्षा झाली तर थोडं हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

ताई रविवारी यायची बंद झाली. धाकटी दुपारच्या सुट्टीत कोरा कागद पुढ्यात घेऊन बसायची आणि डोळे मिटून ती खोली आठवायची. पलंगाची लोखंडी कड, मास्कमधली वाफ, बाबांचा घोगरा आवाज. कधी एक शब्द यायचा, कधी काहीच नाही. दीड महिन्यात पाच वाक्यं झाली. कागद घेऊन ती ताईच्या कारखान्यात गेली. सगळीकडे पांढरी भुकटी, टेबलावर रांगेत मांडलेले प्लास्टरचे जबडे. ताईने हात पुसले आणि वाचायला घेतलं.

‘शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी तू माझा हात सोडत नव्हतीस. खरं म्हणजे मीच सोडत नव्हतो.’

‘तुझी भाषा मी नीट शिकलो नाही. धाकटी आहे ना, म्हणून आळस केला.’

‘तू केलेली कवळी डावीकडे टोचते. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.’

‘घराची किल्ली तुझ्याकडे ठेव.’

‘तू माझी सगळ्यात लाडकी.’

ताईने कागदावर बोट ठेवलं. "सगळं खरं?"

खोटं बोलायचा मोह धाकटीला झाला. "पहिली तीन नक्की. किल्लीचं बहुतेक. शेवटचं..." तिचे हात अडखळले. "शेवटचं मी रचलं असावं. तुला बरं वाटावं म्हणून."

"वाटलंच. बाबा असं बोलणाऱ्यांतले नव्हते." ताईने पेन्सिल घेऊन शेवटचं वाक्य खोडलं, किल्लीपुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग तिसऱ्या वाक्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"हे तेव्हाच सांगायचंस ना गं," तिचे हात जड झाले होते. "कानशीने दोन मिनिटांचं काम होतं. घासून दिली असती."

धाकटी भुकटीने माखलेल्या स्टुलावर बसली आणि रडली. ताईने तिला जवळ घेतलं नाही. कागदाची घडी केली, एप्रनच्या खिशात ठेवली आणि समोरचा जबडा उचलून पुन्हा कामाला लागली.

आयोगाचा निर्णय चार महिन्यांनी आला. नव्या कार्यक्रमांची सबटायटल्स आवाजांसकट, माणसांनी तपासूनच द्यायची. जुन्यांसाठी कंपन्यांना चार वर्षांची मुदत. संघटनेला चार वर्षं फार वाटली, साहेबांना फार कमी. विभाग बंद झाला नाही, उलट दोन माणसं वाढली.

धाकटी आता शनिवारी संघटनेच्या खोलीत जाते. सभासद चित्रपट बघतात आणि चुका टिपून तिच्या हातात देतात. त्यांतले एक म्हातारे शिंपीकाका कडक आहेत. "पावलं वाजली म्हणजे कोणाची? जोड्याची की अनवाणी? नीट लिहा," असं तिला पाटीवर लिहून दाखवतात. ती मान्य करते, सोमवारी बदलते.

ताई पुन्हा रविवारी येऊ लागली आहे, प्रत्येक रविवारी नाही. हल्ली टीव्ही लागला आणि ओळी चुकल्या की धाकटी पडदा थांबवते आणि झालेलं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत हातांनी सांगते. त्यात जेवण गार होतं. मागच्या खेपेस तिने धीर करून विचारलं, "माफ केलंस का मला?"

ताई जेवत होती. तिने घास संपवला, डावा हात मोकळा केला आणि सांगितलं, "अजून नाही." मग रिकामा पेला पुढे सरकवला. धाकटीने उठून पाणी ओतलं.