गोड्या पाण्याची कळशी

आचऱ्यात छत्तीस वर्षं काढूनही समुद्रात ज्याने घोट्यापर्यंतही पाय भिजवला नाही, असा माणूस एकच, सत्यवान गवस. गावचा पोस्टमन. मूळचा दोडामार्गाकडचा, काजू-केळीत वाढलेला. लाट बघितली की तो पाठ फिरवायचा आणि ते लपवायचाही नाही. किनाऱ्यावरच्या घरांचं टपाल असलं की सायकल माडांच्या आतल्या बाजूने काढायचा. फेरा मैलभर वाढला तरी चालेल, पण पाणी बाजूला नको. त्यातून बायको मिळाली ती रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या घरातली, सीता. "नाव सत्यवान, आणि बायको सावित्री नाय, सीता. ह्येका यमाकडसून कोण सोडवतलो?" असं बाबली रापणकर त्याच्या तोंडावर म्हणायचा आणि सत्यवान सगळ्यांच्या आधी हसायचा.

पण ती काही नुसती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिवा नावाचा माणूस तिघांबरोबर होडी घेऊन गेला तो आलाच नाही. चार दिवसांनी त्याच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं. रजिस्टर म्हणजे ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, सही घ्यायची. सत्यवान दारात गेला. शिवाची बायको जानकी भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "तुमच्याकडेच ठेवा. तो येतलो तेव्हा सही करीत." सत्यवान आठवडाभर ते पत्र पिशवीत घालून हिंडला. शेवटी परत पाठवायचं तर पाकिटावर शेरा लिहावा लागतो. 'मयत' हा शब्द काही त्याच्या पेनातून उतरेना. त्याने लिहिलं, 'घरी नाही'. त्या दिवसापासून समुद्र म्हटला की त्याला ते दोन शब्द दिसायचे.

आणि अशा माणसाच्या पोटी कोण जन्मावं, तर अक्षया. उशिरा झालेली, एकुलती एक. बापाचा डोळा चुकवून मामांबरोबर पोहायला शिकली, गोव्याला जाऊन समुद्री जीवांचं शिक्षण घेऊ लागली, आणि बावीस वर्षांची झाली तेव्हा गणपतीत घरी येऊन म्हणाली, "बाबा, मालवणात पाणबुड्याचा शिक्षण देतत. माका निवडल्यानी. जानेवारीत सुरू होता. मगे पर्यटकांक पाण्याखाली घेवन जावचा काम."

सत्यवानाच्या हातातली करंजी हातातच राहिली.

"खाली?" तो म्हणाला.

"खाली म्हणजे चाळीस फूट. पाठीर हवेचो सिलिंडर आसता, वांगडा माणसा आसतत."

"शिवाच्या वांगडा पण तिघेजण होते."

अक्षया बापाच्या शब्दाशिवाय जाणारी नव्हती, ही तिची चांगली खोड म्हणा नाहीतर वाईट. तिसऱ्या दिवशी ती ओसरीवरच्या काचेच्या टाकीसमोर येऊन बसली. निवृत्तीच्या वेळी मित्रमंडळींनी सत्यवानाला दिलेली ती तीन फुटी टाकी. तळाला लाल-हिरवे खडे, एक प्लास्टिकचं झाड आणि शंभरेक गप्पी मासे. सत्यवानाचा त्यांच्यावर फार जीव. गोडं पाणी, गरीब मासे, भिण्यासारखं काही नाही.

"बाबा, खाली काय आसा ता तुमका म्हायतच नाय, म्हणान तुमका भिया वाटता," अक्षया म्हणाली. "ह्या टाकीत समुद्र करूया. तुमी रोज बघा. मगे सांगा."

सत्यवानाने मनातल्या मनात हिशेब केला. डबक्यात समुद्र ठेवायचा तर मासे आठ दिवस टिकायचे नाहीत. "कर," तो म्हणाला. "मासे चाळीस दिवस जगले तर तू जा. एक जरी मेलो तर विषय संपलो."

"शब्द?"

"शब्द."

मग सुरू झाली ती लगबग. गप्पी विहिरीत गेले. डास कमी होतील म्हणून सीता खूश. खडे गेले, प्लास्टिकचं झाड गेलं. टाकी नुसत्या पाण्याने सात वेळा धुतली. साबणाचा थेंब लावायचा नाही अशी ताकीद होती. तळाला शिंपल्यांचा चुरा पसरला. जिवंत पोवळ्याचा तुकडासुद्धा आणायचा नाही, तो गुन्हा आहे, हे अक्षयाने बजावून सांगितलं. पाऊस सरल्यावर, खाडीच्या तोंडापासून लांब जाऊन, भरतीचं स्वच्छ पाणी मायलेकींनी कॅन भरभरून आणलं. सत्यवान फाटकाशी उभा राहून ते कॅन येताना बघत होता. त्याच्या घरात समुद्र असा कॅनमधून शिरला. अक्षयाने खारटपणा मोजायच्या बोटभर लांबीच्या नळीत दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरून एक डोळा लावला आणि म्हणाली, "पस्तीस. हजारात पस्तीस भाग मीठ. अगदी बरोबर."

त्यानंतर तिने एक चांगलं जाडजूड सुंगट, म्हणजे कोळंबी, टाकीत टाकलं आणि कुजायला सोडून दिलं. माशांची घाण खाणारे जंतू आधी तयार व्हायला हवेत, त्यांना हे खाणं. सुंगट कुजवायचं, हे सीताच्या घराण्यात कोणी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने नाकाला पदर लावून ते काढून मांजराला घातलं. अक्षयाने न बोलता दुसरं टाकलं. पाच आठवडे पंपाने नुसतं पाणी गरगरत होतं आणि येणारा-जाणारा विचारायचा, मासे खंय? नोव्हेंबरच्या अखेरीस पैदास केंद्रातून दोन क्लाउन मासे आले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. त्यांना सोडून अक्षया गोव्याला शेवटच्या परीक्षांसाठी गेली. जाताना टाकीवर पेनाने रेघ मारली आणि सांगितलं, "पाणी कमी झाला की हंयसर भरा. बाकी काय करू नकात."

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कुठलं पाणी भरा, हे ती बोललीच नाही. तिला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही. आणि सीता तर रापणकरांची लेक. "समुद्राच्या माशांक समुद्राचाच पाणी," म्हणून रोज सकाळी म्हावरं आणायला गेली की एक बाटली भरून आणायची आणि रेघेपर्यंत ओतायची.

सत्यवानाचे दिवस मात्र वाईट चालले होते. तो सकाळी उठला की पहिला टाकीशी जायचा. मासे दिसले की माणसाला बरं वाटावं. ह्याचं धाबं दणाणायचं. आणखी एक दिवस जगले. म्हणजे अक्षया आणखी एक दिवस पाण्याच्या जवळ गेली. आणि गंमत अशी की ते दोघे त्याला ओळखायला लागले होते. तो खुर्ची ओढायचा तेव्हा काचेशी यायचे. त्यांच्याकडे बघत तो मनात म्हणायचा, मरा रे बाबांनो एकदाचे, आणि लगेच स्वतःच्याच गालावर हलके मारून घ्यायचा.

तिसाव्या दिवशी सीता बहिणीकडे मिठबावला गेली, आठ-दहा दिवसांसाठी. बाटलीभर समुद्र आणायला आता घरात कोणी नाही. सत्यवान काही जायचा नव्हता. पाणी रोज उतरत गेलं, रेघेखाली तीन बोटं आलं. मासे खायचे थांबले. वर येऊन पंपाच्या बुडबुड्यांजवळ भराभर गलफडं हलवत राहायचे. पट्ट्यांचा पांढरा रंग मळकट झाला. पस्तिसाव्या दिवशी सत्यवानाने ओळखलं, हे मरायला टेकले. त्याला काही करायचंच नव्हतं. हातावर हात ठेवून नुसतं बसलं तरी काम होणार होतं.

पण मरतील तर ना. छत्तिसावा दिवस गेला, सदतिसावा उजाडला, तरी गलफडं हलतच होती. रविवारी चाळीस पूर्ण होणार आणि त्याच दिवशी अक्षया येणार. गुरुवारी दुपारी जेवून सत्यवान विहिरीवर गेला. अक्षया एकदा बोलून गेली होती, समुद्राचो मासो गोड्या पाण्यात टिकाचो नाय. त्याने कळशी भरली. येताना ती हिंदकळून धोतर भिजलं. ओसरीवर येऊन त्याने डोळे मिटले आणि सगळी कळशी टाकीत ओतली. पाणी बरोबर रेघेला लागलं.

चौतीस वर्षांत त्याने दुसऱ्याचं पाकीट कधी उजेडाला धरून बघितलं नव्हतं. आणि आज आपण हे काय केलं? समुद्राची भीती त्याला ओळखीची होती. ही नवी भीती स्वतःची होती, आणि तिच्यापासून सायकल आतल्या बाजूने काढता येत नव्हती. तो मागच्या दारी जाऊन पायरीवर बसला तो दिवेलागणीपर्यंत उठला नाही.

उठून बघितलं तर दोघे जिवंत. शुक्रवारी सकाळी ते बुडबुडे सोडून खाली उतरले होते. शनिवारी त्याने भीत भीत चिमूटभर खाणं टाकलं, तर एकाने पटकन टिपलं. सत्यवान खुर्चीवर बसला आणि त्याला रडू आलं. सुटलो म्हणून की अडकलो म्हणून, ते त्याचं त्याला कळेना.

रविवारी आधी सीता आली, मागोमाग अक्षया. मासे बघून तिचा चेहरा फुलला. मग तिने नळीत दोन थेंब घेतले, डोळा लावला, नळी पुसून परत लावला.

"त्रेचाळीस? आई, तू ह्यात काय घालीत होतीस?"

"समुद्राचा पाणी. दुसरा काय घालतले?"

अक्षयाने कपाळाला हात लावला. "माझीच चूक. मी सांगूकच नाय. आई, सुकता ता पाणी, मीठ खंय सुकता? मीठ हंयच रवता. वरसून भरूचा ता गोडा, विहिरीचा." बोलता बोलता ती थांबली. रेघेकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "पण मगे त्रेचाळीस कसा? इतके दिवस समुद्राचा घातल्यावर, आणि वर पाणी सुकल्यावर, सत्तेचाळीसपर्यंत गेला असतला. आणखी दोन दिवसांत दोघेय मेले असते. कोणीतरी गोडा पाणी घातल्यान, म्हणान वाचले." ती वळली. "बाबा, तुमी घातलात? तुमका कसा कळला?"

सीताने नवऱ्याकडे कौतुकाने बघितलं. फुकटचं पुण्य असं ताटात वाढून आलं होतं. गप्प बसला असता तर कोणाला काय कळणार होतं?

"माका काय कळाक नाय," सत्यवान म्हणाला. "ते मराक व्हये म्हणान मी कळशी ओतलंय."

पंप तेवढा गुरगुरत होता.

"तू खाली जाशीत," तो म्हणाला, "आणि कोणतरी दारात येवन उभो रवात. माका तेचा भिया वाटता गो चेडवा. दुसरा काय नाय. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात जावन उभो रवलंय."

अक्षयाच्या पिशवीतून मालवणच्या शिक्षणाचा छापील अर्ज अर्धा बाहेर आला होता. तिने तो आत सारला आणि पिशवीची चेन ओढली.

"रवांदे," ती म्हणाली. "तुमका इतक्या भिया वाटत असला तर नाय जाणां मी." रागाने नाही म्हणाली, तेच वाईट होतं. आणि ती हात धुवायला आत गेली.

झालं. चाळीस दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते आपसूक पदरात पडलं. सत्यवानाने सुटकेचा श्वास टाकायचा, तर श्वास येईना. काचेशी ते दोघे आले होते, खुर्ची हलली म्हणून. शब्द त्याने दिला होता आणि मासे जगले होते.

तो उठला. दुसऱ्याची वस्तू न विचारता जन्मात पहिल्यांदाच उघडली. अर्ज काढला, चष्मा लावला. अर्ज भरण्यात त्याचा हात कोण धरणार? अर्ध्या गावाचे त्याने भरून दिलेले. नाव, वय, रक्तगट अक्षयाने आधीच लिहिले होते. एक रकाना मोकळा होता, खालचा. 'अपघात झाल्यास कोणास कळवावे.'

सीता दारात येऊन उभी राहिली. त्याने डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं. लिहिलं, 'सत्यवान गवस, वडील.' पत्ता लिहिला, पिनकोडसकट. फोन नंबर लिहिला. मग पेन उचललं, परत टेकलं, आणि जे अर्जात कोणी विचारलंच नव्हतं ते नंबरापुढे नीट, सुट्या अक्षरांत लिहिलं: 'घरीच असतो.'