शाळेच्या फॉर्मवरचा धर्म

माझे बाबा लोधीखेड्याला ख्रिस्ती प्रचारक होते. बाजाराच्या दिवशी निंबाखाली सायकल उभी करून ते सुवार्ता सांगायचे आणि रोज दिवेलागणीला आम्हा दोघा भावंडांना चटईवर गुडघे टेकून प्रार्थनेला बसवायचे. "कोनी इचारलं तर मान खाली घालाची नाई. ख्रिस्ती हावो म्हनाचं," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की कुणी विचारत नाही याचंच मला लहानपणी वाईट वाटे.

ऐंशी सालानंतरचा एक उन्हाळा होता. मी शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण केलं होतं आणि पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत माझी निवड झाल्याचं पत्र आलं. अर्ज बाबांनीच भरला होता, मी फक्त सही केली होती. कागद तपासायला जाण्याआधी शाळेचा जुना दाखला हवा होता, म्हणून मी सौंसरला माझ्या शाळेत गेले.

तिथल्या बाबूंनी दाखला लिहून हातात दिला. धर्माच्या जागी हिंदू लिहिलं होतं, आणि पुढे आमची जुनी जात.

"हे चुकलं आहे," मी म्हणाले.

कपाटातून माझा प्रवेशाचा फॉर्म काढून त्यांनी टेबलावर ठेवला. अक्षर बाबांचं होतं. खाली त्यांची सही होती. मी सहा वर्षांची असताना केलेली.

ख्रिस्ती लिहिलं की जुन्या जातीची सवलत मिळत नाही, हे मला माहीत होतं. पण ते दुसऱ्यांच्या घरचं वाटायचं. नोकरीचा अर्जही बाबांनी असाच भरला असणार. बसमध्ये मी दाखल्याची घडी मुठीत धरून बसले. घामाने तो ओला झाला.

बाबा अंगणात सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी दाखला समोर धरला. त्यांनी वाचला आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

"तुमीच लिवलं हे?"

"हो."

"आन् मले काय शिकोलं?"

"तुमचं पोट भरलं पायजे होतं. मिशनच्या पगारात काय होते, तू पाहूनच राहिली न."

"आईले माहीत हाय?"

आई दारातच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, तेव्हा मला उत्तर मिळालं. मग बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "तुया भावाची तिगावची नौकरी बी त्याच कागदावर हाय. काई बोलू नको."

भाऊ तिगाव स्टेशनवर रेल्वेत कामाला होता, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी खरं समजून गुडघे टेकणारी मी एकटीच होते.

पांढुर्ण्याला मी गेले नाही. खरं सांगितलं असतं तर भावाचं घर मोडलं असतं, आणि खोटं माझ्याने सांगवत नव्हतं. तारीख निघून गेली. चर्चच्या मंडळीतल्या बायका आईला विचारत, "पोरगी नापास झाली का?" आई हो म्हणायची. तिने आणखी एक खोटं माझ्या नावावर घातलं.

त्याच महिन्यात मी रामाकोन्याला बाबांच्या आत्याकडे जाऊन राहिले. माझ्या आजोबांची ही धाकटी बहीण. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा ती झाली नाही, पुढे ती नवऱ्याबरोबर बौद्ध झाली. तिला मी सगळं सांगितलं. ती कापसाच्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घालत होती.

"तुया आजानं कन्हानात बाप्तिस्मा घेतला, तवा भाऊबंदायनं त्याले वाळीत टाकलं," ती म्हणाली. "चुलीसाठी इस्तो बी कोनी देत नोयतं. पंच म्हनले, नाई म्हन, मंग ये परत. तो म्हने, मी त्या देवाचा झालो, आता नाई कसा म्हनू. माह्या धर्म येगळा हाय, पोरी. पन माह्या भाऊ खोटा नोयता."

आजोबांची ही गोष्ट बाबांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. का, ते मला तिथे चुलीजवळ बसल्यावर कळलं. मी खूप रडले. आत्याआजीने मला जेवायला वाढलं.

पुढे पांढुर्ण्याला एका खासगी शाळेत कमी पगारावर लागले. तिथला फॉर्म मी स्वतः भरला. मोठ्या बाईंनी वाचून विचारलं, "ख्रिस्ती का?" मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मला पहिलीचा वर्ग दिला. एवढंच झालं. या एवढ्याशासाठी बाबा घाबरले होते, असं वाटून मला पुन्हा राग आला. मग आठवलं, त्यांनी तो फॉर्म भरला तेव्हा घरात दोन लेकरं होती, आणि माझ्या घरात कोणीच नव्हतं.

मी लोधीखेड्याला क्वचितच जायचे. बाबांनी बाजारात सुवार्ता सांगणं सोडल्याचं आईकडून समजलं. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. दोन वर्षांनी ते माझ्या खोलीवर आले. पाणी प्यायले, बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"तुले माफ करता येते का मले?"

"करायचं आहे, बाबा," मी म्हणाले. "रोज प्रार्थनेत मागते. अजून होत नाही."

त्यांनी मान डोलावली. मी स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला.