मामाच्या वतीने

माझ्या मामाला ऐकू येत नाही आणि तोंडाने बोलता येत नाही. माझ्या आईला गप्प बसता येत नाही. एकाच आईच्या पोटी अशी दोन टोकं जन्माला यावीत याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

मामा आईपेक्षा बराच लहान. आजी गेली तेव्हा तो कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकत होता. आईने लग्न ठरतानाच बाबांना सांगून टाकलं होतं, "मी एकटी येणार नाही, माझा भाऊ बरोबर येईल." बाबा हो म्हणाले. त्यानंतर त्यांच्यावर बोलायची वेळ फारशी आलीच नाही, कारण आमच्या घरात सगळ्यांच्या वाटचं आईच बोलते. ती एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. तिथेही पेशंटच्या तोंडात कापूस कोंबलेला असला की घरच्यांचा फोन आईच घेते आणि पेशंटला किती दुखतंय ते त्याच्यापेक्षा चांगलं सांगते.

मामा जुने सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. फाटलेलं कापड उसवायचं, आतल्या सैल झालेल्या स्प्रिंगा सुतळीने आवळून बांधायच्या, नवा फोम घालायचा आणि वरून कापड असं ताणून ठोकायचं की त्यावर एक सुरकुती राहता कामा नये. बारीक खिळ्यांचा घास तो तोंडात धरतो आणि जिभेने एकेक खिळा ओठांवर आणून हातोडीला लावतो. "तोंडाचा इतका चांगला उपयोग आमच्याकडे दुसरं कोणी करत नाही," असं बाबा एकदा म्हणून गेले. आईने त्यांना त्याबद्दल दिवसभर ऐकवलं.

आईचं मामावर प्रेम किती, हे सांगायला नको. पण त्या प्रेमाची रीत अशी, की मामाने हाताने दोन खुणा केल्या तर आई तोंडाने दोन पानं बोलायची. केस कापायला गेल्यावर मामा नुसता "बारीक" म्हणून दाखवायचा. आई न्हाव्याला सांगायची, "बारीक करा, पण कानावर आणू नका, मागच्या वेळी तुम्ही मागून उंदराने कुरतडल्यासारखे केले होते." मामा आरशात तिच्या ओठांकडे बघत बसायचा. डॉक्टर मामाला विचारायचे काय होतंय, आणि आई त्याच्या जन्मापासून सुरुवात करायची. "त्याला काय हवं ते मला कळतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कळायचंही. म्हणूनच तिला कोणी अडवत नव्हतं.

मामाने पहिल्यांदा काही एकट्याने केलं असेल तर ते म्हणजे फोन घेणं. मोबाइल कंपनीच्या दुकानात तो एकटा गेला, मोठ्या पडद्याचा फोन निवडला, लिहून लिहून सगळं विचारून घेतलं आणि दोन वर्षांच्या करारावर स्वतःच्या नावाने सही करून आला. फोन हप्त्याने, दरमहा ठरलेले पैसे, व्हिडिओ कॉलला भरपूर डेटा, आणि दोन वर्षांत दर वाढणार नाही, असं करारात स्वच्छ लिहिलेलं. घरी येऊन त्याने तो कागद आईला दाखवला, पण हातात दिला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा तो तोरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो आंघोळ करून, केस विंचरून, खोलीचं दार लावून व्हिडिओ कॉलवर बोलत बसायचा. आई म्हणायची, "शाळेतली मंडळी असतील." मी मनात म्हणायचे, शाळेतल्या मंडळींसाठी कोणी इतका भांग पाडत नाही. पण मी काही बोलले नाही. घरात एक जण तरी न बोलणारं हवं.

कराराचं पहिलं वर्ष सरलं आणि बिल वाढून आलं. थोडंथोडकं नाही, चांगलं डोळ्यांत भरेल इतकं. मामाने कंपनीला लिहिलं, की ठरलेला दर ठरलेलाच राहायला हवा. त्यावर उत्तर आलं, "तक्रारीसाठी कृपया आमच्या क्रमांकावर फोन करून बोला." मामाने लिहिलं, "मी बोलू शकत नाही, म्हणून लिहितो आहे." मग चार दिवस सामसूम. पाचव्या दिवशी उत्तर आलं. करार मध्येच बदलून नवीन दर लावायला आपण स्वतः फोनवर तोंडी संमती दिली आहे, तिचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, सबब आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

ते वाचून मामा इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं. "मी! फोनवर! तोंडाने!" असं पुन्हा पुन्हा खुणांनी करून दाखवत त्याने फोन आधी मला दाखवला, मग बाबांना. बाबाही खो खो हसले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिने वाचलं, आणि ती हसली नाही.  तिने फोन मामाच्या हातात परत दिला.

मग तिचे हात हलले. "त्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेला होतास. फोन थरथरत होता, मी उचलला. एक मुलगी भराभरा काहीतरी सांगत होती. मला कामावर जायची घाई. मी म्हटलं, हो, हो, चालेल."

मामाचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्याने हळू खूण केली, "अजून किती वेळा असं बोलली आहेस?"

आईने खाली बघितलं. "तुझ्या भल्यासाठीच बोलते रे."

खुणांनी बोलणाऱ्या माणसाशी भांडणं सोपं नसतं. त्याने डोळे मिटले की तुमचं सगळं बोलणं तिथेच संपलं. मामाने आईसमोर उभं राहून डोळे मिटून घेतले. असं त्याने आजवर कधीच केलं नव्हतं. आई त्याच्या दंडाला हात लावत राहिली, आणि तो डोळे मिटून उभा राहिला.

पुढचे काही दिवस घर खायला उठलं. मामा जेवायचा तो ताटात बघून, आणि आई समोर आली की खिडकीबाहेर बघायचा. आई भांडी घासताना रडायची. एकदा मला म्हणाली, "मी त्याचं कधी वाईट केलं का ग?"

मला वाईट वाटत होतं, पण रागही आलेला होता. मी म्हटलं, "वाईट नाही केलंस आई. पण जे केलंस ते त्याला विचारून कधी केलंस?"

ती मला काहीतरी फाडकन उत्तर देईल म्हणून मी तयारीत होते. पण नळ चालू ठेवून ती तशीच उभी राहिली.

शेवटी मामानेच तोंड फिरवणं सोडलं. एका सकाळी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने ताईची खूण केली. खांद्यावरून वेणी ओढल्यासारखी दोन बोटं खाली आणायची, ही त्याने लहानपणी आईसाठी स्वतः बनवलेली खूण. "दुकानात जायचं आहे. रेकॉर्डिंग मला ऐकू येणार नाही, कोणीतरी ऐकायला हवं."

मी पुढे झाले. "मी येते मामा, मी बोलते."

"नाही," तो म्हणाला. "ताईच. शब्द तिने दिला आहे, तिनेच मागे घ्यायचा. पण माझे हात जे सांगतील तेवढंच बोलायचं. पदरचं घालायचं नाही, गाळायचंही नाही. आणि ‘तो म्हणतो’ म्हणायचं नाही. ‘मी’ म्हणायचं."

आईने मान हलवली. मी मात्र मजा बघायला म्हणून गेलेच.

दुकानात काचेच्या टेबलामागे एक तरुण मॅनेजर बसला होता. त्याने मामाकडे एकदा बघून आईला विचारलं, "यांची काय तक्रार आहे?"

मामाचे हात हलले आणि आई म्हणाली, "मला विचारा. मी समोर बसलो आहे."

मॅनेजरने गोंधळून आईकडे बघितलं, मग मामाकडे. आई लाजेने लाल झाली होती, पण एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हती. मामाने सगळं सांगितलं, करारात काय लिहिलं आहे, बिल किती वाढलं, कंपनीने काय उत्तर दिलं. आई बोलत गेली. मधूनमधून तिचे ओठ पुढचं वाक्य जोडायला उघडायचे आणि ती ते दाबून मिटायची. हसू आवरता आवरत नव्हतं मला.

मॅनेजरने रेकॉर्डिंग लावलं. एक मुलगी भराभरा वाचत होती, आणि मध्ये माझ्या आईचा खणखणीत आवाज आला, "हो, हो, चालेल. त्यांच्यातर्फे मीच बोलते."

मॅनेजरने मान वर करून आईकडे बघितलं. मामाने आईला रेकॉर्डिंगमध्ये काय होतं ते विचारलं, तिने जसंच्या तसं सांगितलं, आणि मग त्याचे हात सावकाश हलू लागले. आई बोलू लागली, "हा आवाज माझ्या बहिणीचा आहे. तिने मला विचारलं नव्हतं. तिला तो हक्क नव्हता." तिने न गाळता पुढचंही सांगितलं. "ती वाईट नाही. तिने मला वाढवलं. तिला सवय लागली आहे."

मॅनेजरने रेकॉर्डिंग बंद केलं. माणूस बरा होता तो. म्हणाला, "संमती चुकीची आहे हे दिसतंच आहे. पण जुना दर परत लावायला वरून परवानगी काढावी लागेल, वेळ जाईल. त्यापेक्षा मी सुचवू का? लहान प्लॅन घ्या. आजच करून देतो, जुन्या दरापेक्षाही स्वस्त पडेल. डेटा अगदी थोडा मिळेल, पण तुम्हाला तसंही..." तो अडखळला. "म्हणजे, तुम्ही काही फोनवर बोलत नाही ना."

आईने हे मामाला खुणांनी सांगितलं. मामाने मॅनेजरकडे सरळ बघितलं आणि हात उचलले.

"मी बोलतो," आई म्हणाली. "हातांनी बोलतो. त्यासाठी व्हिडिओ लागतो. रोज संध्याकाळी बोलतो." मामा थांबला नाही, आणि आई त्याच्या हातांमागून चालत राहिली. "एका मुलीशी बोलतो. ती माझ्या शाळेत होती. दुसऱ्या गावी बेकरीत काम करते. मी तिला आज..."

आई थांबली. मामाचे हात हवेत तसेच थांबून राहिले. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने तीच खूण पुन्हा केली.

"मी तिला आज लग्नाचं विचारणार आहे," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. तिने ते पुसलं नाही, कारण खुणांवरची नजर काढायची नव्हती. "माझ्या बहिणीला हे अजून माहीत नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर माझ्या आधी तिनेच जाऊन विचारलं असतं."

मॅनेजरला हे सगळं कळायला एक क्षण लागला. मग तो खुर्ची सरकवून उठला, "बसा, मी आत्ताच वर बोलतो," म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. परत आला तो जुना दर करार संपेपर्यंत कायम करून. जास्तीचे घेतलेले पैसे पुढच्या बिलातून वजा होतील असंही त्याने सांगितलं. मामाने त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आपल्या धाकट्या भावाकडे असं बघत होती, की हा माणूस कोण आणि इतका मोठा कधी झाला.

रस्त्यात तिने त्याला शंभर प्रश्न विचारायला हात उचलले आणि प्रत्येक वेळी खाली घेतले. शेवटी एवढंच विचारलं, "ती जेवते ना नीट?" मामा भर रस्त्यात हसत सुटला.

संध्याकाळी त्याने आंघोळ केली, भांग पाडला आणि दार लावून घेतलं. आई बाहेर पॅसेजमध्ये दाराला कान लावून उभी राहिली.

"आई," मी म्हटलं, "काय ऐकू येतंय?"

तिला ते तेव्हा उमजलं. ती तोंडावर हात ठेवून हसली आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. आत माझ्या मामाचं सगळं आयुष्य ठरत होतं आणि बाहेर आम्हाला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. आईचा हात माझ्या हातात होता.

दार उघडलं. मामाचे कान लाल झाले होते. त्याने काही सांगितलं नाही, नुसता फोन आईसमोर धरला. पडद्यावर गोल चेहऱ्याची एक मुलगी हात हलवत होती. आईने मामाकडे बघितलं, काय बोलू म्हणून. मामाने फोन तिच्या हातात दिला, स्वतःचे दोन्ही हात खिशात घातले आणि तो माझ्याबरोबर स्वयंपाकघरात येऊन पाठमोरा पाणी पीत उभा राहिला.

आई फोन घेऊन त्याच्या खोलीत गेली. बराच वेळ गेला. आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा हसरा होता.

ती मुलगी आता माझी मामी आहे. तिने त्या संध्याकाळी आईला काय सांगितलं, हे मी अजूनही अधूनमधून आईला विचारते. इतकी बोलकी बाई, पण दर वेळी एकच उत्तर देते.

"ते मामीला विचार. तिच्या वतीने मी कशाला सांगू?"