शटरच्या आतला आवाज

दादा, मी निघाले त्या दिवशी तू स्टेशनवर आला नाहीस. आबांनी दुरुस्तीला आलेली एका गिऱ्हाइकाची अँबॅसिडर काढली, तेवढीच टेस्ट होईल म्हणाले, आणि माझी ट्रंक डिकीत घातली. गाडी गॅरेजसमोरून गेली तेव्हा शटर अर्धंच वर होतं. खाली तुझे पाय दिसले. आबांनी हॉर्न दिला, पण पाय हलले नाहीत. स्टेशनवर आईनं माझा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "आता गाणंबिणं न्हाय. तिकडं गप ऱ्हायाचं. झालं-गेलं कुणाला सांगायचं बी न्हाय." मी मान हलवली. गप राहणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

हे पत्र तुला आहे आणि सलीमलाही. त्याच्याकडं मस्कतला एक प्रत पाठव. आपल्या तिघांपैकी दोघं घर सोडून गेलो आणि तू एकटा मागं राहिलास. आता कोल्हापुरात लोक तुला विचारतात म्हणे, की रेकॉर्डवर ओरडणारी ती पोरगी कोण.

उद्यमनगरातलं आपलं गॅरेज रविवारी बंद असायचं. आपण आत शिरून शटर ओढून घ्यायचो, म्हणजे आवाज गल्लीत जाऊ नये. तुझी गिटार होती. सलीम इतर दिवशी आबांच्या हाताखाली इंजिनं उघडायचा आणि रविवारी लग्नाच्या बँडमधून मागून आणलेले ड्रम बडवायचा. अ‍ॅम्प्लिफायर त्यानंच जुन्या रेडिओचा केला होता. तो इतका तापायचा, की त्यावर ओलं फडकं टाकावं लागायचं. परदेशी स्टेशनवर ऐकलेली इंग्रजी गाणी आपण म्हणायचो, निम्मे शब्द मनचेच. एक गाणं मात्र आपलं होतं. आबा रोज सकाळी "शटर वर घे" म्हणून हाळी द्यायचे, त्यावरून मी चार ओळी जुळवल्या होत्या. कागलच्या एका मास्तरांकडं टेपरेकॉर्डर होता. त्यांनी एका रविवारी तो आणला, आपण भिंतींना पोती लावली आणि ते गाणं एका दमात टेप केलं. मी एकोणीस वर्षांची होते. घामानं डोळे चुरचुरत होते आणि मी ओरडत होते.

पोरगी पोरांबरोबर शटर लावून आत बसते, अशी गल्लीत चर्चा झालीच. महिन्याभरात गारगोटीचं स्थळ आलं. मुलगा विलायतेत, कॉव्हेंट्रीला मोटारीच्या कारखान्यात टूलरूममध्ये. आबा खूश होते. गाडीतून गाडीतच चालली, म्हणाले.

माणूस वाईट नव्हता, दादा. हे मी आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून तू उगाच संतापशील. ह्यांना कायमची रात्रपाळी होती. सकाळी सातला यायचे, जेवून वर झोपायला जायचे ते चारपर्यंत. घर चिंचोळं, जिना लाकडी, भिंती पातळ. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी हात जोडून सांगितलं, झोप मोडली तर मशीनवर बोट जाईल. तेव्हापासून मी अनवाणी चालायला लागले. कुकर चारनंतर लावायचा. रेडिओ नाही. दारावरची बेल वाजू नये म्हणून पोस्टमनची वाट बघत मी काचेशी उभी असायचे. मूलबाळ झालं नाही. बाहेर सहा महिने थंडी आणि माझं इंग्रजी दुकानापुरतं. अशी सोळा वर्षं गेली. मला कुणी कोंडलं नव्हतं, दाराची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. पण बाहेर पडून जायचं कुठं?

मध्ये एकदा मी कोल्हापूरला येऊन गेले, तुला आठवत असेल. घरात सगळे एकाच वेळी बोलत होते, आपल्याकडं बोलतात तसं. मी काहीतरी सांगायला लागले तर वहिनी म्हणाली, "वन्सं, मोठ्यानं बोला की. काय पुटपुटताय?" सगळे हसले, मीही हसले. माझा आवाज तेवढाच उरलाय, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग तुझं पत्र आलं. लंडनचा कुणी माणूस जुन्या टेप गोळा करत हिंडतोय, त्या मास्तरांकडून तो तुझ्यापर्यंत पोचला. एकाच रेकॉर्डवर त्याला आपल्या वेळचे जुने बँड आणि आत्ताची नवी पोरं एकत्र घालायची होती. तिकडं असल्या गाण्यांना ‘गॅरेज रॉक’ असंच म्हणतात म्हणे. आपण खरोखरच गॅरेजमध्ये वाजवत होतो हे ऐकून तो हरखला, असं तू लिहिलंस. पत्रासोबतच्या परवानगीच्या कागदावर तिघांच्या सह्या हव्या होत्या. खाली तू विचारलंस, "गाणारीचं नाव काय घालू? तुझ्या घरी चालंल का? न्हायतर तसंच सोडतो." त्यानंतर चार दिवसांनी मस्कतहून सलीमचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. "ताई, नाव घाल की."

मी तो कागद दोन आठवडे पिठाच्या डब्याखाली ठेवला. मग एका रविवारी ह्यांच्यापुढं ठेवला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ह्यांनी कागद दोनदा वाचला.

"मग सोळा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही झोपलेले असायचात," मी म्हणाले.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सही कर. पण माझं आडनाव नको. आई गारगोटीला आहे, तिच्या कानावर जायला नको." मी माहेरचं नाव लिहिलं, शालन सुतार. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा एकदा गिरवलं. ते माझं नाव परत मिळाल्यामुळं, की ह्यांनी स्वतःचं काढून घेतल्यामुळं, मला आजही सांगता येणार नाही.

रेकॉर्ड आली, पण आमच्याकडं ती वाजवायला काही नाही. मी ती पिशवीत घालून गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात गेले. हिरव्या केसांची एक मुलगी काउंटरवर होती. तिनं काही न विचारता माझ्या कानांना हेडफोन लावले. दादा, सलीमनं काठ्या आपटून चार मोजले आणि मी सुरू झाले. कसली ओरडत होते रे. कुणाचं भय नसलेला आवाज. माझ्या लगेच नंतर कुठल्याशा नव्या बँडच्या मुली होत्या, इथल्याच, विशीतल्या. त्याही तशाच ओरडत होत्या. त्यांच्या मागं रेकॉर्डवरच बाया-माणसं टाळ्या वाजवताना ऐकू येत होती. मला त्यांचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा. दुकानात बाकी कुणाला काही ऐकू येत नव्हतं. सगळे आपापल्या रेकॉर्ड चाळत होते आणि मी हेडफोन घालून रडत होते.

यंदा कारखान्यानं रात्रपाळी बंद केली. ह्यांना दिवसपाळी मिळाली. सकाळी हे गेले की घर पूर्ण मोकळं. तरीही कितीतरी दिवस मी अनवाणीच चालत होते, कपाटं दाबून लावत होते. एका बुधवारी, भांडी घासता घासता, मी तोंड उघडलं. आधी नुसता खोकला आला. मग घोगरा, फाटलेला, वेडावाकडा आवाज निघाला. मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, काल तुमच्याकडं रेडिओ होता का?

"न्हाय," मी आधी आपल्या बोलीतच म्हणाले. मग इंग्रजीत सांगितलं, ती मी होते.

कायमची कधी येतेस, असं तू दर पत्रात विचारतोस. आई गेली, आबा गेले. गॅरेजच्या जागी तू स्पेअर पार्टचं दुकान टाकलंस, पुढं काच लावलीस. तिथं येऊन मी परत पुटपुटणारच. ज्या घरात सोळा वर्षं मी पाय वाजू दिला नाही, तेच आता माझं घर झालंय. ते मला आवडतं, असं खोटं लिहिणार नाही. पण इथल्या भिंती पातळ आहेत, आणि पलीकडच्या बाई आता माझा आवाज ओळखतात.