तळाचा आकडा

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाकाखाली पाय हलवते म्हणून बोलणी खाल्ली, आणि नोकरी लागली ती दिवसभर नावेत बसून राहण्याची. आमची पाणी तपासणारी प्रयोगशाळा भोसरीत आहे. दर महिन्याला आम्ही मावळातल्या एका मोठ्या धरणाच्या जलाशयावर जातो, ठरलेल्या ठिकाणी नाव थांबवतो आणि पाण्यात तपासणीचं यंत्र सोडतो. वरच्या पाण्यात किती प्राणवायू विरघळलाय, मधल्या पाण्यात किती, तळाशी किती, ते त्यावर दिसतं. त्यावरून मासे, किडे, शेवाळ असं पाण्याखालचं सगळं बिऱ्हाड नीट नांदतंय की नाही ते कळतं. हेच पाणी पुढे काळेवाडीत आमच्या नळाला दिवसाआड येतं.

गेले काही महिने तळाचा आकडा घसरत चालला होता. उन्हाळ्यात तो पडतोच, पण पावसाळ्यानंतर सावरलेला असतो, असं आमच्या मोठ्या मॅडम म्हणायच्या. म्हणून दसऱ्यानंतरच्या फेरीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. आकडा सावरला असेल तर सुटलो, नसेल तर हा तलाव आजारी आहे, एवढं सरळ होतं ते. माझी तर झोपच उडाली होती. नळाखाली कळशी लावली की मी आधी वास घेऊन बघायची. आई म्हणाली, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

त्या फेरीला आप्पाही आले. आप्पा म्हणजे माझे वडील. भोसरीतच त्यांची लेथ मशीनची छोटी शेड आहे. यंत्र खाली सोडायचा आमचा जुना रहाट घसरायला लागला होता, तर त्यांनी नवा बनवून दिला. यंत्र त्याला जोडून बघायचं म्हणून दसऱ्याच्या आधी मी ते शेडवर ठेवून आले होते. आता आपला रहाट पाण्यावर कसा चालतो ते बघायला आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून नावेत बसले, साखरपुड्याला निघाल्यासारखे.

पहिल्या ठिकाणी नाव थांबली. आप्पांनी रहाट फिरवला, यंत्र पाण्यात गेलं, आणि जेमतेम हातभर खालीच आकडा शून्यावर आला. शेजारी मासळी उड्या मारत होती आणि यंत्र म्हणत होतं, इथे प्राणवायूच नाही. मी वायर हलवली, बंद करून परत चालू केलं, स्वतःवर, वायरवर, उन्हावर चिडून घेतलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, वर घ्या. वर घेतलं तर यंत्राच्या टोकाला असलेल्या जाळीच्या आत, प्राणवायू मोजणाऱ्या काचेवर, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, आणि ती वाळून चिकटलेली.

माझ्या लगेच लक्षात आलं. खंडेनवमी. शेडमधल्या लेथला, ड्रिलला, पान्यांना त्या दिवशी हळदीकुंकू लागतं, झेंडू लागतो. त्याच रांगेत आमचं यंत्र.

"मॅडम, ती हळद माझी हाय," आप्पा म्हणाले. "शेडमधलं एक बी हत्यार पूजेबिगर ठेवत न्हाई आमी. हे तर पाहुणं होतं, त्याला कसं वगळायचं?"

मॅडमना हसू आलं. मला नाही आलं. सगळ्यांसमोर मी आप्पांना नको तेवढं बोलले. ही काय नारळ फोडायची वस्तू आहे का, असंही म्हणाले. ते खाली मान घालून रहाटाच्या दांड्यावरचं ग्रीस पुसत बसले. मॅडमनी स्वच्छ पाण्याने आणि मऊ कापडाने काच धुतली, यंत्र हवेत धरून आकडा बरोबर दाखवतंय का ते पारखून घेतलं आणि परत सोडायला सांगितलं. आकडा चांगला आला. पुढच्या दोन उथळ ठिकाणी तर तळापर्यंत चांगला आला. माझा जीव जरा भांड्यात पडला. उगाच घाबरलो, असं मी दोनदा बोलूनही दाखवलं.

मग धरणाच्या भिंतीजवळची सगळ्यात खोल जागा आली. आप्पा दांडा फिरवत होते, मी आकडे वाचत होते. वरचं पाणी ठीक. मधल्यात कमी. त्याच्या खाली शून्य, आणि तळापर्यंत शून्यच. मॅडमनी यंत्र वर घ्यायला लावलं, काच पुन्हा धुतली, हवेत पारखली. हवेत बरोबर. खाली शून्य. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी तळाचं पाणी बाटलीत भरून वर आणलं. झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा वास.

"यंत्र बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वहीत शून्य लिहिलं.

आप्पांनी ती बाटली बराच वेळ हातात धरली. मग ठेवून दिली, यंत्र मांडीवर घेतलं आणि जाळी चारही बाजूंनी फिरवून आत बघायला लागले.

"बाळा, अजून एकदा पूस की," ते मला म्हणाले. "कुठंतरी हळद ऱ्हायली आसंल."

काच लख्ख होती. मी कापड घेतलं आणि पुसली.