उकळलेला विळा

आज मुलाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दवाखान्यात उकळत्या हत्यारांचा वास आला आणि मला तिसगावातलं माझं तिसरं बाळंतपण आठवलं.

आधीची दोन्ही बाळं धनुर्वातानं गेली होती. ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतलेल्या नर्सबाई या खेपेला कात्री घेऊन आल्या. सुईण अडून बसली, "नाळ आमच्याच इळ्यानं कापायची."

बाई वाद घालतील असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचाच विळा घ्या, मावशी. आधी उकळू द्या."

पाणी खदखदत होतं तोवर त्या भिंतीला टेकून पेंगल्या. मला राग आला, माझा जीव चाललाय आणि ही झोपते. त्या किती घरांतून अशा दमून आल्या असतील, ते आज कळतं.

तेवढ्यात ते तिसरं बाळ डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आलं. त्याचे सगळे केस पिकलेत.