आईच्या पायांवर चालणारा रेडिओ

साकीनाक्याच्या कारखान्यात मी दिवसभर रेडिओ जोडायचो, आणि घाटकोपरच्या आमच्या खोलीतला आईचा रेडिओ सेल संपले म्हणून गप्प असायचा. उतरलेले सेल ती उन्हात ठेवून आणखी दोन दिवस ओढायची. मला त्याची लाज वाटायची. शेवटी सायकलचा जुना डायनामो आणून मी तिच्या पायाच्या शिलाई मशीनच्या चाकाला टेकवून बसवला. ती दिवसभर परकर शिवायची. पाय हलणारच आहेत, तर त्यावर रेडिओही वाजेल, असं माझं अफाट डोकं. वीज कमी लागावी म्हणून मी रेडिओतला छोटा दिवासुद्धा काढून टाकला. मशीन थांबलं की गाणं तुटायचं आणि चाळ हसायची. मी मात्र सगळ्यांना बोलावून दाखवायचो. फुकटची वीज म्हणे! आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

महिन्याभराने आई म्हणाली, "झिला, पाय भरान येतत रे. चाक जड लागता. काढून टाक ता."

मी स्वतः बसून मशीन चालवून बघितलं. खरंच जड होतं. डायनामो वीज देतो ती चाकाला अडवूनच, हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी म्हणालो, "एवढा रविवार ढकल ना गं. साहेब बघायला येणारेत."

कारखान्यात नव्या रेडिओचं डिझाइन करणाऱ्या टेबलावर एकच जागा रिकामी होती, आणि ती मला हवी होती.

रविवारी साहेब आले. गुडघ्यांना तेल चोळून, ठेवणीतली साडी नेसून आई मशीनवर बसली. गाणं तुटू नये म्हणून मी मागून तिला खुणावत होतो, थांबू नकोस. साहेब खूश झाले, "झकास!" म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, जड नाही ना जात?"

तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "छे, सवय आहे तिला."

जागा मला मिळाली. डायनामो मी त्याच संध्याकाळी काढला. आईने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि मीही तिची माफी मागितली नाही. मला त्याचा फार पश्चात्ताप होतो. तिच्या पायांची चौकशी आमच्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी केली होती, आणि उत्तर मी देऊन टाकलं.